सिरियल किलरच्या कादंबऱ्या वाचकाला का खिळवून ठेवतात?

एकामागून एक खून पडतात, प्रत्येक प्रेताजवळ तीच खूण सापडते, पोलीस चक्रावतात आणि वाचक मात्र रात्री दोनपर्यंत पुस्तक खाली ठेवत नाही. सिरियल किलर थ्रिलर या कादंबरीप्रकाराचा साचा एवढाच आहे. तरीही जगभर तो विकला जातो, त्यावर चित्रपट आणि वेब मालिका निघतात, आणि एरवी मुंगीही न मारणारी माणसे तो चवीने वाचतात. ज्या गोष्टीची प्रत्यक्षात कल्पनाही नकोशी वाटते, ती कागदावर हवीशी का वाटते? हा प्रश्न नवा नाही. भारतीय रसशास्त्राने तो हजार वर्षांपूर्वी विचारला होता, मराठी समीक्षकांनी शंभर वर्षांपूर्वी त्यावर वाद घातला आणि मानसशास्त्रज्ञ आज त्यावर प्रयोग करत आहेत.

हा प्रकार रहस्यकथेपेक्षा वेगळा कसा?

पारंपरिक रहस्यकथेत एक खून होतो आणि प्रश्न असतो ‘कोणी केला?’ खून घडून गेलेला असतो. गुप्तहेर मागे वळून धागे जुळवतो. सिरियल किलरच्या कादंबरीत धोका पुढे असतो. खुनी पुन्हा मारणार आहे हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून प्रश्न बदलतो: ‘पुढचा कोण, आणि त्याआधी तो सापडेल का?’ कित्येकदा खुनी कोण हे लेखक पहिल्या पन्नास पानांतच सांगून टाकतो. मग उरतो तिसरा आणि सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न, ‘तो असा का झाला?’

मराठी वर्तमानपत्रे अशा गुन्ह्यांसाठी ‘हत्यासत्र’ किंवा ‘खूनसत्र’ हा शब्द वापरतात. तपासाच्या भाषेत सिरियल किलर म्हणजे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घटनांत दोन किंवा अधिक माणसे मारणारा गुन्हेगार. एकाच वेळी गर्दीवर गोळीबार करणारा या व्याख्येत बसत नाही. दोन खुनांच्या मधला शांत काळ हे या गुन्ह्याचे लक्षण आहे आणि कादंबरीकाराला हवा असतो तो नेमका हाच काळ. त्या काळात खुनी दूध आणतो, शेजाऱ्याला नमस्कार करतो, कामावर जातो.

परंपरा कुठून आली?

खुन्यानेच आपली कहाणी सांगण्याचा एक जुना नमुना भारताच्याच भूमीवर घडतो. फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी हैदराबादच्या निजामाच्या चाकरीत होता. पुढे नळदुर्ग भागाचा कारभारही त्याने पाहिला. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अमीर अली हा ठग आपण केलेल्या खुनांची हकीकत शांतपणे, जवळजवळ अभिमानाने सांगतो. वाचकाला त्याचा तिरस्कारही वाटतो आणि ऐकत राहावेसेही वाटते. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत या प्रकाराने याच ओढाताणीवर आपली इमारत उभी केली.

१८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ‘जॅक द रिपर’ने खून केले. तो कधीच सापडला नाही. त्या घटनांवरून मेरी बेलॉक लाउंड्स या लेखिकेने १९१३ मध्ये ‘द लॉजर’ लिहिली. आपल्याकडे भाड्याने राहणारा सभ्य माणूसच तो खुनी असेल का, या घरमालकिणीच्या शंकेवर ती कादंबरी चालते. १९३० मध्ये बर्लिनचा पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट याने पेटर क्यूर्टेन या गुन्हेगाराविषयी लिहिताना ‘मालिकेतला खुनी’ अशा अर्थाचा जर्मन शब्द वापरला. रॉबर्ट ब्लॉकची ‘सायको’ १९५९ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी हिचकॉकने तिच्यावर चित्रपट काढला.

आज ओळखीचा असलेला साचा मात्र थॉमस हॅरिस याने पक्का केला. ‘रेड ड्रॅगन’ (१९८१) आणि ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९८८) या कादंबऱ्यांत त्याने अमेरिकेच्या एफबीआयमधील वर्तनशास्त्र विभागाचे काम कथेत आणले. या विभागातील अधिकारी तुरुंगातील खुन्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या सवयींचे नमुने शोधत असत. त्यामुळे वाचकाला एक नवा नायक मिळाला. हा बंदूक चालवणारा नव्हता, तर खुन्यासारखा विचार करून पाहणारा आणि त्याची किंमत स्वतःच्या झोपेने चुकवणारा होता.

मराठी वाचकाची वाट

मराठीत गुन्हेकथेची भूक जुनी आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची पात्रे घरोघरी पोचली. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही हजारावर पुस्तके लिहिली. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद अशी पात्रे उभी केली. नारायण धारपांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला स्वतःचा वाचक मिळवून दिला.

या वाचनात रत्नागिरीचा वाटा सहसा कोणी मोजत नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये काम करणाऱ्यांत त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कामगारांची संख्या मोठी होती. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता. तो १९८१ मध्ये वेगळा झाला. गिरणगावातल्या खोल्यांत हातोहात फिरणाऱ्या स्वस्त पुस्तकांचा वाचक हाच होता. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी निघाला की ट्रंकेतून एखादे पुस्तकही येई. दुसरीकडे, रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झालेले, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या भागात पावसाळ्याच्या लांब संध्याकाळी आणि वीज गेलेल्या रात्री गोष्टीला वेळच वेळ असतो.

मात्र या सगळ्या मराठी परंपरेत सिरियल किलर मध्यभागी क्वचितच दिसतो. अर्नाळकरांच्या जगात गुन्हेगाराला पैसा, हिरे, वारसाहक्क किंवा सूड हवा असतो. त्याचे कारण कळले की वाचकाचे समाधान होते. कारणाशिवाय, किंवा कोणालाही पटणार नाही अशा कारणाने मारणारा माणूस मराठी वाचकाला प्रामुख्याने इंग्रजी कादंबऱ्यांतून, अनुवादांतून आणि पुढे पडद्यावरून भेटला.

देवचार आणि शेजारी

कोकणात भीतीच्या गोष्टींची कमतरता कधीच नव्हती. देवचार, मुंजा, हडळ, खवीस, पाण्यातला गिऱ्हा आणि वाट विसरायला लावणारा चकवा अशी ही मोठी मंडळी. पण या भुतांना नियम असतात. त्यांची जागा ठरलेली, वेळ ठरलेली. अमक्या पिंपळाखालून तिन्हीसांजेला जाऊ नये, तमक्या पाणंदीत मागून हाक आली तर वळून पाहू नये. शिवाय उपायही असतो. राखणदाराला नारळ द्यावा, गाऱ्हाणे घालावे. म्हणजे भीती गावाबाहेर राहते आणि गाव सुरक्षित असते.

सिरियल किलरची कादंबरी ही हद्द पुसून टाकते. येथे धोका पिंपळावर नसतो. तो भाडेकरू, डॉक्टर, वर्गमित्र किंवा रोज हात हलवणारा ओळखीचा माणूस असतो. गावात प्रत्येकजण प्रत्येकाला कुळामुळासकट ओळखतो. शहरात शेजारच्या दारावरची पाटी एवढीच ओळख असते. म्हणूनच हा प्रकार मुख्यतः शहरांच्या वाढीबरोबर वाढला. गाव सोडून मुंबई-पुण्यात आलेल्या माणसाला भुताची भीती उरत नाही. अनोळखी माणसाची भीती मात्र नव्याने शिकावी लागते, आणि ही कादंबरी त्या नव्या भीतीला चेहरा देते.

भीतीत आनंद कसा?

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि त्यांत भयानक व बीभत्स हे दोन्ही आहेत. म्हणजे भय आणि किळस यांचाही आस्वाद घेता येतो हे तेव्हाच मान्य झाले होते. तो कसा, याचे उत्तर अभिनवगुप्ताने साधारणीकरणाच्या कल्पनेने दिले. रंगमंचावरचे भय ‘माझे’ किंवा ‘त्याचे’ राहत नाही. ते कोणाचेच नसलेले, केवळ भय होते. त्यातून पळायचे नसते, म्हणून ते अनुभवता येते.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत याचे भानही त्याला असते. एकाच वेळी दोन भूमिका जगण्याचा हा आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे. सिरियल किलरच्या कादंबरीला हे वर्णन चपखल बसते. वाचक कधी पळणाऱ्या मुलीबरोबर धावतो, कधी पोलिसाबरोबर शोधतो, कधी काही पाने खुन्याच्या डोक्यातही शिरतो. पण अंगावरची चादर आणि घरातले दिवे कायम त्याच्या जाणिवेत असतात.

आधुनिक मानसशास्त्राची उत्तरे याच्या जवळ जातात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पॉल रोझिन यांनी अशा अनुभवांना निरुपद्रवी आत्मपीडा म्हटले. त्यांचे आवडते उदाहरण मिरचीचे आहे. जीभ पोळते, डोळ्यांत पाणी येते, शरीर धोक्याची घंटा वाजवते. मात्र मनाला ठाऊक असते की धोका खोटा आहे. शरीराला फसवल्याचा हा आनंद. झणझणीत तिखले पुन्हा वाढून घेणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

डॉल्फ झिलमन यांच्या सिद्धान्तानुसार भीतीने शरीरात निर्माण झालेली उत्तेजना लगेच ओसरत नाही. शेवटी खुनी पकडला गेला की तीच उरलेली उत्तेजना सुटकेच्या आनंदात मिसळते आणि तो आनंद अधिक तीव्र होतो. म्हणून ज्या कादंबरीत जीव खूप टांगणीला लागतो, तिचा शेवट जास्त सुखाचा वाटतो.

तिसरे उत्तर तयारीचे आहे. अमांडा व्हायकरी आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खऱ्या गुन्ह्यांवरील पुस्तकांकडे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक ओढल्या जातात असे दिसले. विशेषतः ज्या पुस्तकातून हल्लेखोराच्या तावडीतून सुटण्याची युक्ती कळेल, ते पुस्तक त्यांना जास्त हवेसे वाटले. हा अभ्यास कादंबऱ्यांचा नव्हता, तरी कादंबरीलाही तो लागू पडण्यासारखा आहे. रात्रीच्या शेवटच्या एसटीतून उतरून एकटीने घर गाठणारी मुलगी जो हिशेब रोज मनात करते, तोच कादंबरीची नायिका पानावर करत असते. कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनाकाळात केलेल्या अभ्यासातही भयपटांच्या चाहत्यांनी तुलनेने कमी मानसिक त्रास झाल्याचे सांगितले. यावरून भयकथा हे औषध आहे असे सिद्ध होत नाही. घाबरण्याचा सराव पूर्ण वाया जात नसावा, एवढेच म्हणता येते.

महाराष्ट्रातले खरे खटले काय सांगतात?

कादंबरी आणि वास्तव यांतले अंतर महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १९६० च्या दशकात मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना रात्री ठेचून मारणारा रामन राघव १९६८ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला. त्याच्या कबुलीजबाबाच्या तपासात पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. त्याने पोलिसांना कोडी घातली नव्हती, चिठ्ठ्या सोडल्या नव्हत्या. मेलेली माणसे गरीब होती आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. त्याच्यावरचे चित्रपट मात्र आठवतात.

१९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे मुली आणि स्त्रियांचे खून झाले. गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीच्या अंधश्रद्धेतून दिलेले हे बळी होते, असे तपासात पुढे आले. याच प्रकरणाच्या आधारे अमोल पालेकर यांनी ‘आक्रीत’ हा चित्रपट केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. २०२४ मध्ये त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही आली. येथे खून एका विकृत मनातून उगवले नव्हते. त्यांना आजूबाजूच्या समजुतींची साथ होती. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा मात्र व्हायला २०१३ साल उजाडावे लागले.

१९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर खून खटल्याने शहराची झोप उडवली. दहा खून करणारे तरुण कला महाविद्यालयात शिकणारे, चारचौघांसारखे होते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवडा तुरुंगात फाशी झाली. पुण्यात त्या काळी संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत आणि दार उघडण्याआधी लोक दोनदा विचारत, ही आठवण त्या पिढीतली माणसे अजून सांगतात. ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट याच प्रकरणावर बेतलेला होता.

या तिन्ही प्रकरणांत कादंबरीतला अतिबुद्धिमान, संगीत आणि चित्रकलेचा दर्दी खुनी कुठेच नाही. दिसतात ती बेघरपणा, अंधश्रद्धा, लोभ आणि टोळीतली एकमेकांची चिथावणी. असा चतुर खुनी हा कादंबरीने निर्माण केलेला दिलासा आहे. मृत्यूमागे निदान काही योजना होती, एवढे तरी तो वाचकाला सांगतो.

‘वेडा खुनी’ हा समज

या कादंबऱ्यांचा सर्वांत मोठा दोष इथेच आहे. खुनी असा का झाला, या प्रश्नाला अनेक लेखक ‘तो मनोरुग्ण होता’ एवढे एकच उत्तर देतात. रत्नागिरीत हे उत्तर जरा वेगळे ऐकू येते, कारण महाराष्ट्र शासनाच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक या शहरात आहे. उरलेली तीन ठाणे, येरवडा आणि नागपूर येथे आहेत. या गावांची नावे थट्टेत ‘वेड्यांचे गाव’ म्हणून वापरली जातात. त्या थट्टेची किंमत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक चुकवतात. उपचाराला न्यायला उशीर होतो, बरे झालेल्या माणसाला घर परत घेत नाही, मुलीचे लग्न ठरत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. उलट तीच हिंसेला आणि फसवणुकीला अधिक बळी पडतात. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसे, हा समजही चित्रपट-कादंबऱ्यांनीच पसरवला आहे. या आजारात भास आणि भ्रम होतात, व्यक्तिमत्त्व दुभंगत नाही. ‘सायकोपॅथ’ आणि ‘सायकोसिस’ हे दोन शब्दही वेगळे आहेत. पहिल्यात वास्तवाचे भान शाबूत असते, दुसऱ्याची पीडा वाटत नाही. दुसऱ्यात वास्तवाचे भानच सुटते.

कायदाही हा फरक करतो. कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे आहे हेच मानसिक आजारामुळे कळत नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. केवळ आजाराचे निदान त्यासाठी पुरत नाही. रामन राघवला आधी फाशीची शिक्षा झाली. त्याला बरा न होणारा स्किझोफ्रेनिया असल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यावर १९८७ मध्ये ती जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये तो पुण्यात मरण पावला. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत कुप्रसिद्ध खुन्याचा शेवटही न्यायाच्या जल्लोषात झाला नाही. तो रुग्णालयात झाला. अशा आजाराचा एक रुग्ण खुनी निघाला, म्हणून बाकीचे खुनी ठरत नाहीत, हे मात्र त्याच्यावरच्या गोष्टींत सहसा सांगितले जात नाही.

चांगली कादंबरी कशी ओळखावी?

या प्रकाराचे वाचन अपराध नाही आणि ते वाचून कोणी खुनी होत नाही. निवड करताना मात्र तीन गोष्टी पाहता येतात. पहिली, मेलेल्या माणसाला नाव, घर आणि आयुष्य दिले आहे का, की तो फक्त पुढच्या प्रकरणाचा आकडा आहे? दुसरी, हिंसेचे वर्णन काही कळावे म्हणून आहे की फक्त पाहत राहावे म्हणून? तिसरी, ‘का’ या प्रश्नाचे उत्तर एका आजाराच्या नावावर संपते, की आजूबाजूच्या घराचे, पोलीस ठाण्याचे, समाजाचेही काही दिसते?

किशोरवयीन मुलांसाठी, किंवा हिंसेचा अनुभव घेतलेल्यांसाठी हे वाचन जड जाऊ शकते. वाचल्यावर झोप उडणे, सतत दार तपासणे, गर्दीत धाप लागणे असे होत असेल तर पुस्तक बाजूला ठेवणे हा कमकुवतपणा नाही. त्रास टिकून राहिला तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

कोकणातल्या भुताच्या गोष्टी संपल्यावर मुले अंगणातून घरात येत आणि दाराला कडी लावली जाई. सिरियल किलरची कादंबरी संपल्यावरही वाचक कडी तपासतो. भुताच्या गोष्टीने मुलाला गावाची हद्द शिकवली. खुन्याची चांगली कादंबरी मोठ्या माणसाला एवढेच शिकवते की धोका ओळखताना चेहऱ्यावर, जातीवर, गरिबीवर किंवा आजारावर जाऊ नये, आणि मेलेल्याचे नाव खुन्याच्या नावाआधी लक्षात ठेवावे.